पासवर्ड कुणाकडे?

मराठी बायकांची सगळ्यात मोठी सामूहिक रचना म्हणजे जात्यावरच्या ओव्या. एकीनं पहिली ओळ धरायची, खुंट्याला हात लावून समोर बसलेलीनं पुढची जोडायची, आणि सासरी गेलेल्या पोरीनं तीच ओवी तिसऱ्या गावात वेगळ्या शेवटानं गायची. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या पुण्याच्या अभ्यासकांनी सहकाऱ्यांना बरोबर घेऊन या ओव्या गावोगाव फिरून उतरवून घेतल्या. हजारावर गावं, तीन हजारांवर गाणाऱ्या बायका आणि सुमारे एक लाख दहा हजार ओव्या, एवढा हा पसारा. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगणकाचे जाणकार त्यांना येऊन मिळाले, आणि ओव्यांचा शब्द, आवाज, गाव आणि गाणारीचं नाव एकत्र सापडेल असा डेटाबेस उभा राहिला. पॉइतवाँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. मार्च २०१७ पासून हा ठेवा ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ म्हणजे ‘पारी’वर टप्प्याटप्प्यानं प्रसिद्ध होऊ लागला. ‘पारी’ची माणसं जमेल तिथे त्या गावांत पुन्हा गेली आणि गाणाऱ्या बायकांना भेटली.

या ओव्या आज आपण फोनवर ऐकतो, त्याला कारण आहे. वीस-पंचवीस वर्षं कुणीतरी एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात त्यांच्या प्रती करत राहिलं, वीज आणि जागेचे पैसे भरत राहिलं, जुनं सॉफ्टवेअर बंद पडलं की नव्यात मजकूर हलवत राहिलं. हे झालं नसतं तर काय झालं असतं, ते ऑर्कुट या समाजमाध्यमानं दाखवलं. तिथे मराठी कवितांचे, पाककृतींचे, गावांच्या आठवणींचे कितीतरी गट होते. ३० सप्टेंबर २०१४ ला गूगलनं ऑर्कुट बंद केलं. लिहिणाऱ्यांना निर्णयात काही स्थान नव्हतं, कारण यंत्र त्यांचं नव्हतं.

लिहिणाऱ्या बायकांनी ते यंत्रही स्वतःच चालवावं, या विचारातून गेल्या वीसेक वर्षांत युरोपात काही गट उभे राहिले. ते स्वतःच्या सर्व्हरला ‘स्त्रीवादी सर्व्हर’ म्हणतात. त्यावर पुस्तकं लिहितात, मांडतात आणि छापतात. हे प्रकरण नेमकं काय आहे, आणि आपल्याकडे, म्हणजे अगदी धाराशिव जिल्ह्यातल्या जळकोटसारख्या गावात, त्याचा काही उपयोग आहे का, हे पाहू.

सर्व्हर म्हणजे काय

सर्व्हर हा शब्द आपण बँकेत ऐकतो: ‘सर्व्हर डाउन आहे, दुपारनंतर या.’ त्यामुळे वातानुकूलित खोलीतलं काहीतरी अजस्र यंत्र डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात सर्व्हर म्हणजे कायम चालू ठेवलेला आणि मागेल त्याला फाइल देणारा संगणक. फोनवर आपण एखादं पान उघडतो, तेव्हा फोन दूरच्या एका संगणकाकडे ते मागतो आणि तो पाठवून देतो. हा संगणक महागडा असलाच पाहिजे असं नाही. २०१२ मध्ये इंग्लंडमधून बाजारात आलेला रास्पबेरी पाय एटीएम कार्डाएवढ्या पाटीवर मावतो आणि फोनच्या चार्जरसारख्या चार्जरवर चालतो. तो सरासरी पाच वॅट वीज घेतो असं धरलं, तर रात्रंदिवस चालवून महिन्याला चार युनिटसुद्धा होत नाहीत. लेख, छायाचित्रं आणि आवाजाच्या फाइली पन्नासेक माणसांना पुरवायला तो पुरतो.

त्यावर चालणारी लिनक्स ही प्रणाली फुकट मिळते. तिच्यात ‘रूट’ नावाचा एक सर्वाधिकारी वापरकर्ता असतो. रूट कुणाचंही लेखन वाचू शकतो, पुसू शकतो, कुणालाही बाहेर काढू शकतो. कोण कुठून आलं आणि काय उघडून गेलं याची नोंदही यंत्र आपोआप ठेवतं, आणि ती रूटला दिसते. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल एखादी बाई नाव न देता लिहिते, तेव्हा या नोंदी कुणाच्या हाती आहेत यावर तिची सुरक्षितता ठरते. बहुतेक कंपन्या अशा नोंदी जपतात, कारण जाहिरातीचा धंदा त्यांवरच चालतो. काही स्त्रीवादी सर्व्हर त्या ठेवत नाहीत, किंवा थोड्याच दिवसांत पुसून टाकतात.

युरोपातले गट

अॅमस्टरडॅममध्ये जेंडरचेंजर्स नावाचा एक गट होता. बायकांनी संगणक उघडून त्याचे भाग ओळखावेत, बदलावेत, यासाठी तो वर्ग घेई. या वर्तुळातल्या बायकांनी २००० च्या दशकात ‘सिस्टरसर्व्हर’ सुरू केला, तो आजही चालतो. डिसेंबर २०१३ मध्ये ब्रुसेल्सच्या ‘कॉन्स्टंट’ या कला आणि तंत्रज्ञानाच्या संस्थेनं सर्व्हर या विषयावर मेळावा भरवला, आणि तिथल्या चर्चेतून स्त्रीवादी सर्व्हरचा जाहीरनामा निघाला. पुढच्याच वर्षी बार्सिलोनाजवळच्या कालाफू या सहकारी वसाहतीत ‘अनार्कासर्व्हर’ उभा राहिला.

जाहीरनामा लहान आहे आणि सर्व्हरचा उल्लेख त्यात ‘ती’ असा आहे. त्यातली मागणी अशी की ती कुठे ठेवलेली आहे, तिची देखभाल कोण करतं, हे वापरणाऱ्या प्रत्येकीला माहीत असावं. तिला सांभाळणारी आणि वापरणारी मंडळी एकाच समूहातली असावीत. तिच्या भागांमधली शिवण दिसत असेल तर दिसू द्यावी, सगळं गुळगुळीत असण्याचा हट्ट नको. ती कधी बंद पडली तर फार माफी मागत बसू नये, कारण तिच्यामागे माणसं आहेत आणि माणसं दमतात.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. घर चालतं ते झाडलोट, धुणी आणि स्वयंपाकावर, आणि ते काम झालं की कुणाला दिसत नाही, राहिलं तरच दिसतं, हे स्त्रीवादी चळवळीनं पन्नास वर्षं सांगितलं आहे. सर्व्हरचंही तसंच. नवीन सॉफ्टवेअर बसवणाऱ्याचं कौतुक होतं. दर आठवड्याला प्रत काढणारी, भरलेली डिस्क मोकळी करणारी, रात्री अकराला ‘पान उघडत नाही’ असा फोन घेणारी कुणाच्या लक्षात राहत नाही. स्त्रीवादी सर्व्हर हे काम उजेडात आणतात, वाटून घेतात, आणि शिकण्याचं साधन म्हणून वापरतात. ‘टीमक्स’ नावाच्या साध्या प्रोग्रॅमनं एकाच यंत्राचा पडदा चारजणींना आपापल्या घरून एकाच वेळी दिसतो. एकजण आज्ञा टाइप करते, बाकीच्या पाहतात आणि शंका विचारतात. पुढच्या वेळी टाइप करणारी वेगळी असते. काय केलं ते वहीसारख्या एका फाइलमध्ये लिहिलं जातं. एकच ‘संगणकवाला’ सगळं जाणतो आणि तो गाव सोडून गेला की सगळं ठप्प होतं, हा धोका त्यामुळे कमी होतो.

२०२२ मध्ये अशा सहा गटांनी मिळून ‘रोझा’ नावाचा फिरता सर्व्हर केला. रॉटरडॅम, बुखारेस्ट, अथेन्स, ग्राझ, ब्रुसेल्स अशा शहरांतल्या बैठकींमधून तो गेला. प्रत्येक ठिकाणी लोकांनी टिपणं त्याच्यावरच लिहिली आणि शेवटी त्या टिपणांचं प्रकाशन झालं. यात अवघड काय, तर यंत्र हातोहात देताना जबाबदारीही द्यावी लागते. जळकोटच्या वाचकाला हे वेगळं समजवायला नको. शेजारच्या अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांचा खंडोबा एकच आहे. मूर्ती अणदूरला सव्वादहा महिने असते आणि नळदुर्गला पावणेदोन महिने, आणि नेता-आणताना दोन्ही गावांचे मानकरी लेखी करार करतात. सामायिक वस्तू टिकते ती अशा कराराच्या जोरावर. कधी न्यायची, कधी परत करायची, मधल्या काळात कुणी सांभाळायची, हे रोझाच्या बाबतीतही आधी ठरवावंच लागलं.

पॅडपासून छापील अंकापर्यंत

अशा सर्व्हरवर पुस्तक कसं तयार होतं ते जवळून पाहू. सुरुवात ‘इथरपॅड’पासून होते. हे एक कोरं पान असतं. त्याचा पत्ता ज्यांना दिला त्या सगळ्याजणी एकाच वेळी त्यावर लिहू शकतात, खातं उघडावं लागत नाही. प्रत्येकीच्या अक्षरांमागे वेगळा रंग येतो. समजा, सुनंदानं लिहिलेल्या निळ्या वाक्यात रुक्साना दोन शब्द बदलते, तेवढेच पिवळे दिसतात. मजकुराचा इतिहास दाखवणारी एक पट्टी असते. ती मागे सरकवली की मजकूर कसकसा बदलत गेला ते सगळं परत पाहता येतं. कुणी मोठा परिच्छेद पुसला असेल तर तोही सापडतो. म्हणजे कुणाचं वाक्य कुणी कापलं हे लपत नाही, आणि संपादनावर समोरासमोर बोलावं लागतं.

इथरपॅडचा इतिहासच या लेखाचा मुद्दा सांगतो. २००८ मध्ये एका छोट्या कंपनीनं तो काढला. २००९ च्या अखेरीस गूगलनं ती कंपनी घेतली आणि सेवा बंद होणार असं जाहीर झालं. वापरणाऱ्यांनी आरडाओरडा केल्यावर त्याचा मूळ कोड सगळ्यांसाठी खुला झाला. तेव्हापासून जगभर कुणीही तो स्वतःच्या यंत्रावर बसवतं. कंपनीची सेवा गेली, पण साधन लोकांकडे राहिलं.

पॅडवर मजकूर पक्का झाला की दुसऱ्या पॅडवर पानाची मांडणी लिहितात: समास किती, शीर्षक केवढं, चित्र कुठे. ‘पेज्ड जेएस’ नावाचं खुलं साधन या दोन्हींतून ब्राउझरमध्येच पुस्तकाची पानं पाडतं, आणि तिथून छपाईची पीडीएफ निघते. रॉटरडॅमच्या ‘व्हारिया’ या गटाचं ‘ऑक्टोमोड’ असंच चालतं. ‘सर्व्हपब’ या प्रकल्पात लंडन आणि रॉटरडॅमचे गट सिस्टरसर्व्हरबरोबर काम करतात. त्यांनी विकीवर, म्हणजे सगळ्यांना बदलता येणाऱ्या वेबपानांवर, लिहून त्याच विकीतून छापील अंक काढण्याची सोय केली. लेखन, संपादन, मांडणी आणि मुद्रण यांच्या एरवी वेगळ्या असणाऱ्या खोल्या इथे एकच होतात. मांडणी करणारी मजकूर बदलू शकते, लिहिणारी समास बदलू शकते. म्हणून याला प्रायोगिक प्रकाशन म्हणतात.

मराठीसाठी यात एक वेगळा फायदा आहे. तालुक्याच्या गावी डीटीपीवाल्याकडे अजून पुष्कळ काम जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये होतं. छापील पान सुबक येतं, पण तोच मजकूर फोनवर पाठवला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. अंक निघाल्यावर दहा वर्षांनी त्यातला एक शब्द शोधायचा म्हटलं तर सापडत नाही. पॅडवर लिहिलेलं सगळं युनिकोडमध्ये असतं. तेच छापता येतं, शोधता येतं, आंधळ्या वाचकाला फोन वाचूनही दाखवतो. मुंबईच्या ‘एक टाइप’नं केलेले मुक्त आणि बलू हे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्यानं फुकट मिळतात. छपाईआधी मात्र जोडाक्षरं आणि ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र नीट उमटला की नाही हे प्रत्येक पानावर डोळ्यांनी तपासावं लागतं.

आपल्याकडची वाट

छपाईचं आणि प्रसारणाचं साधन बायकांच्या हाती असण्याचा विचार आपल्याला नवा नाही. सत्यशोधक चळवळीचं ‘दीनबंधु’ हे पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये काढलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पती वासुदेवराव बिर्जे गेल्यावर तानूबाई बिर्जे यांनी ते संपादक म्हणून चालवलं. विद्या बाळ यांनी ‘स्त्री’ मासिकाचं संपादन केल्यावर १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ काढलं, तेही स्वतःचं असावं म्हणूनच. साताऱ्याच्या म्हसवडमध्ये माणदेशी फाउंडेशनची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ २००८ पासून ९०.४ मेगाहर्ट्झवर बोलते आहे.

पण जळकोटला सगळ्यात जवळचा धडा महामार्गावरच आहे. लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं जळकोट वेगळं. तुळजापूर तालुक्यातलं हे जळकोट सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर आहे. त्याच रस्त्यानं साधारण दीडशे किलोमीटर पूर्वेला गेलं की तेलंगणातलं जहीराबाद येतं, आणि त्याजवळ माचनूर. तिथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघमांतल्या, म्हणजे गावोगावच्या महिला गटांतल्या, दलित शेतकरी बायका ‘संघम रेडिओ’ चालवतात. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठानं रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला. त्यावर विसंबून माचनूरचा स्टुडिओ १९९८ मध्ये तयार झाला, पण परवानगी मिळेना. मग बायकांनी थांबून न राहता कार्यक्रम टेपवर रेकॉर्ड केले आणि संघमच्या बैठकींत वाजवून दाखवले. २००६ च्या अखेरीस सरकारनं स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ खुला केला, आणि १५ ऑक्टोबर २००८ ला माचनूरचं प्रसारण सुरू झालं. ज्वारी, बाजरी, बियाणं, सणांची गाणी असे विषय, आणि मिक्सरची बटणं फिरवणाऱ्या, शाळा फारशी न पाहिलेल्या बायका. परवाना येईपर्यंत दहा वर्षं हात शिकत राहिले, म्हणून रेडिओ पहिल्या दिवसापासून त्यांचाच राहिला.

धाराशिवलाही असा अनुभव आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर घरदुरुस्तीचा सरकारी कार्यक्रम आला. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगावच्या महिला मंडळांतून संवाद साहाय्यक नेमल्या. भूकंपात टिकणारी भिंत कशी बांधायची, अनुदानाचा हप्ता केव्हा मिळतो, हे त्या शिकल्या आणि गावाला समजावून सांगू लागल्या. तोवर बांधकाम हे पुरुषांचं शास्त्र मानलं जाई. चार आज्ञा टाइप करून सर्व्हरची प्रत काढणं हे त्याहून अवघड नाही.

जळकोटात करायचं तर

पहिली अडचण पत्त्याची. इंटरनेटवर सर्व्हर सापडायला त्याला स्वतःचा सार्वजनिक पत्ता लागतो. आपल्याकडची मोबाइल आणि फायबरची जोडणी बहुधा शेकडो घरांना मिळून एकच पत्ता देते. म्हणून घरातला संगणक बाहेरच्यांना दिसत नाही. उपाय असा की ज्याला पक्का पत्ता आहे अशा दुसऱ्या सर्व्हरपर्यंत एक खासगी बोगदा टाकायचा, म्हणजे व्हीपीएन, आणि वाचक त्या वाटेनं आत यायचे. सर्व्हपबमधली छोटी यंत्रंही सिस्टरसर्व्हरच्या आधारानं अशीच जगाला दिसतात. म्हणजे एकटा सर्व्हर चालत नाही, त्याला मैत्रिणींचा सर्व्हर लागतो.

इंटरनेट नसलं तरी काम अडत नाही. रास्पबेरी पाय स्वतःचं वाय-फाय सोडू शकतो. बचत गटाची बैठक चालू असेल त्या खोलीत आणि आजूबाजूला फोनवर ते नाव निवडलं की पॅड उघडतं, डेटा पॅक लागत नाही. गावाबाहेर काहीच जात नाही, म्हणून संवेदनशील लेखनाला ही पद्धत उलट बरी. वीज गेली तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस दोन-तीन तास सहज काढतो. बिघडण्याचा खरा धोका मेमरी कार्डाला असतो. वीज अचानक जाण्यानं ते खराब होतं. म्हणून रोजची प्रत वेगळ्या डिस्कवर आणि आठवड्याची प्रत वेगळ्या घरात ठेवायची.

दुसरी अडचण कायद्याची, आणि तीही मोठी नाही. पॅडवरचं लेखन पुस्तक म्हणून छापलं तर नोंदणी लागत नाही. त्याचं छापील नियतकालिक काढायचं असेल तर १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार नोंदणी करावी लागते. ती आता ऑनलाइन होते.

तिसरी अडचण सगळ्यात खरी, आणि ती माणसांची. युरोपातल्या गटांनाही तीच भेडसावते: पैसे अनुदानाचे, ते संपले की काम उत्साहावर, आणि उत्साह दोन-तीन जणींचाच. सर्वांना अधिकार आहे असं म्हणून जबाबदारी कुणाचीच राहत नाही, हेही होतं. सर्व्हर बंद पडला तर चालेल हे म्हणणं सोपं आहे. ज्या बाईनं तिची एकमेव कहाणी त्यावर ठेवली आहे तिला ते चालणार नाही. म्हणून जाहीरनाम्यातल्या या सवलतीवर आपण एक अट घालावी: यंत्र बंद पडू शकतं, पण प्रत हरवता कामा नये.

तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे, नळदुर्गला महाविद्यालय आहे, आणि गावोगाव हिशेब चोख ठेवणारे बचत गट आहेत. यांच्यापैकी कुणालाही हे करायचं झालं तर यंत्र विकत घेणं हे पहिलं काम नाही. पहिलं काम म्हणजे एका कागदावर तीन नावं लिहिणं: पासवर्ड कोणाकडे, प्रत कोण काढणार, आणि ती आजारी पडली तर कोण. त्याखाली देखभालीचा महिन्याचा खर्च आणि तो कोण देणार ते लिहावं, वर्षानं नावं बदलावीत आणि जुनीनं नवीला शिकवावं. हा कागद तयार झाला की काही हजारांचं यंत्र कुणीही आणून देईल. कागद नसेल तर यंत्र आणूच नका.